पासंग

एक गुरुवार सोडून दुसऱ्या गुरुवारी सकाळी अकराला आमच्या गटाची बैठक असते. हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण ती कायम दुरुस्तीला. ज्यांचं हृदय कमजोर आहे अशा माणसांना हृदयावर चर्चा करायला तीन मजले चढवतात. पहिल्याच बैठकीत मी हे बोललो होतो. मॅडमनी लिहून घेतलं. वर्ष होत आलं, अजून लिहिलेलंच आहे.

मॅडम म्हणजे संशोधन करणाऱ्या डॉक्टर. त्यांच्या शेजारी सिस्टर बसतात. त्या हृदयाच्या ओपीडीतल्या नर्स, पेशंटच्या घरी फोन करून चौकशी करायचं काम त्यांच्याकडे. समोरच्या बाजूला आम्ही. एक बसवाले, तीस वर्षं बस चालवून रिटायर झालेले. एक इस्त्रीवाल्या मावशी, त्यांचं इस्त्रीचं दुकान अजून चालू आहे. हे दोघे पेशंट. मी पेशंट नाही. माझी बायको पेशंट होती. तिला जाऊन चौदा महिने झाले.

आम्हाला पेशंट म्हणायचं नाही असं ठरलेलं आहे. आम्ही भागीदार. डॉक्टरांना पुस्तकातलं कळतं, आम्हाला घरातलं कळतं, दोन्ही एकत्र आलं तर संशोधन नीट होतं, असं मॅडमनी समजावलं होतं. बसवाले तेव्हा म्हणाले होते, "भागीदार म्हणताय तर एखादा निर्णय आमच्यावर पण सोडा. नुसती बिस्किटं पुढे करू नका." मॅडम हसल्या होत्या. बिस्किटं मात्र चालू राहिली.

संशोधनाचा विषय साधा आहे. हृदय कमजोर झालं की अंगात पाणी साठतं. पाणी साठलं की वजन वाढतं. म्हणून रोज सकाळी वजन करायचं, वहीत लिहायचं, आणि तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर हॉस्पिटलला फोन करायचा. एवढं केलं तर माणूस वेळेवर येतो. पण लोक वेळेवर येत नाहीत. पाय सुजून, दम लागून, बसल्या जागी गुदमरायला लागले की येतात. असं का, हे शोधायचं आणि घरच्यांसाठी एक पुस्तिका काढायची, असं हे काम.

मला यात घेतलं ते माझ्या वहीमुळे. मी वजनकाटे दुरुस्त करायचो. चाळीस वर्षं तोच धंदा. किराणावाल्याचा तराजू, भंगारवाल्याचा मोठा काटा, दवाखान्यातला बाळांचा काटा, सगळं केलं. गल्लीत मला नावाने कोणी ओळखत नव्हतं, काटेवाले म्हणायचे. ही आजारी पडल्यावर डॉक्टरांनी रोज वजन करा म्हटलं, तेव्हा ही मला म्हणाली, "चला, शेवटी तुमच्या धंद्याचा मला काहीतरी उपयोग झाला."

काटा मी स्वतः आणला, उघडून तपासला, शून्यावर आणला. बाथरूममध्ये बेसिनपाशी फरशी सपाट होती, तिथे ठेवला. रोज सकाळी सहा वाजता, चहाच्या आधी. ही काट्यावर उभी राहायची, मी चष्मा लावून खाली वाकायचो आणि आकडा वाचायचो. दुसऱ्याने वाचलेल्या आकड्यावर माझा विश्वास नसतो. मग वहीत तारीख, वेळ, वजन. शंभर ग्रॅमपर्यंत. सात महिन्यांत एक दिवस चुकला नाही.

ती वही हिच्या कागदपत्रांबरोबर हॉस्पिटलमध्ये राहिली होती. मॅडमच्या हाती लागली आणि त्यांनी मला फोन केला.

मागच्याच्या मागच्या गुरुवारी मॅडमनी वहीची दोन पानं छपाईसाठी तयार करून आणली होती. शेवटच्या अठरा दिवसांची. पुस्तिकेच्या मध्यभागी ती छापायची, वर लिहायचं, 'वही अशी ठेवा.' पान हातात घेतलं. माझंच अक्षर, पण स्वच्छ पांढऱ्या कागदावर. फार बरं वाटलं. चौदा महिन्यांत असं काही झालं नव्हतं.

"नाव कुठेही येणार नाही, काका," मॅडम म्हणाल्या. "आणि समासात तुमच्या काही घरगुती नोंदी होत्या, दुरुस्तीच्या वगैरे. त्या काढून टाकल्यात. वाचणाऱ्याचा गोंधळ नको."

मी म्हटलं, बरोबर आहे. मला सवय होती, घरात काही दुरुस्त केलं की हाताशी असलेल्या वहीत टिपून ठेवायची. धंद्यात सगळ्याची तारीख लागायची. पुस्तिकेत त्याचं काय काम.

"हा संमतीचा कागद. घरी वाचा, पुढच्या बैठकीत सही करून आणा."

मग त्यांनी बाकीच्या घरांचं सांगायला घेतलं. एकूण त्रेचाळीस घरं होती. त्यातल्या अकरा वह्यांमध्ये माणूस ॲडमिट होईपर्यंत वजन जवळजवळ तेवढंच होतं. माणूस सुजलेला, वही म्हणते सगळं ठीक.

"याचा अर्थ आम्ही असा लावतोय, की ही मंडळी काट्यावर उभीच राहत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "कालच्याच आकड्यात इकडेतिकडे करून लिहितात."

बसवाल्यांना ते लागलं. "म्हणजे आम्ही खोटं लिहितो?"

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच झालं की. अंदाजपंचे लिहायला मी काय परीक्षेला बसलोय? मी रोज उभा राहतो. माझी बायको पहारा देते."

"मी पण राहते," मावशी म्हणाल्या. "चक्कर येते, भिंतीला धरून का होईना, पण उभी राहते. एक दिवस दांडी नाही."

"तराजूची दांडी मारायचं काम या काटेवाल्यांच्या गिऱ्हाइकांचं," बसवाले म्हणाले, आणि सगळे हसले. विषय तिथून पुढे गेला. वजन रोज करतात याचा पुरावा म्हणून फोटो मागवावेत का, असं सिस्टर विचारत होत्या. मावशी बिस्किट चहात बुडवत होत्या.

मी कप खाली ठेवला. पुढचं काय बोलणं झालं ते मला आठवत नाही. खाली कसा उतरलो तेही नीट आठवत नाही.

तराजूच्या धंद्यात पासंग म्हणून एक शब्द आहे. दोन पारड्यांत फरक असला तर हलक्या पारड्याला थोडं वजन बांधून ते सारखं करतात, त्याला पासंग म्हणतात. प्रामाणिक माणूस तराजू खरा करायला पासंग लावतो, लबाड माणूस खोटा करायला. पारड्याखाली मेण चिकटवलेलं, चुंबक लावलेलं, साखळीत तार गुंडाळलेली, सगळं मी पाहिलंय. दुकानात पाऊल टाकलं की मला तराजूवरचा हात आधी दिसायचा. दुकानदाराची करंगळी कुठे आहे, यावर माझं लक्ष असायचं. आणि घरी रोज सकाळी मी खाली वाकून आकडा वाचत होतो.

दोन दिवस मी बाथरूममध्ये त्या कोपऱ्याकडे बघितलं नाही. काटा अजून तिथेच आहे. तो हलवायचं कधी मनात आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्याच्यावर उभा राहिलो. एकाहत्तर चारशे. मग डावा हात बेसिनच्या कडेवर ठेवला. जोर दिला नाही, नुसता टेकवला, तोल जाणारा माणूस टेकवेल तसा. सत्तरच्या खाली. थोडा भार दिला, अडुसष्ट. काटा किंचित थरथरत होता.

ती थरथर मी ओळखली. त्या शेवटच्या दिवसांत काटा असाच थरथरायचा. मला वाटलं स्प्रिंग सैल झाली. मी काटा उघडला, तेल दिलं, घरातलं वीस किलोचं प्रमाण वजन ठेवून पाहिलं. वीसला वीस. मी हिला म्हटलंसुद्धा, "काट्यात काही दोष नाही." ही म्हणाली, "मग झालं तर."

आणि बेसिन. ते भिंतीपासून सुटायला लागलं होतं. मी प्लंबरला शिव्या घातल्या, स्क्रू आवळले. आठ दिवसांनी पुन्हा सैल. पुन्हा आवळले, या वेळी भिंतीत नवीन खुंट्या ठोकून. ही दारात उभी राहून बघत होती, माझ्या चपला घालून. तिच्या तिला घट्ट होत होत्या, आणि माझ्या उबदार आहेत म्हणायची. मी तेही ऐकून घेतलं.

मॅडमनी सुरुवातीलाच दिलेली वहीची झेरॉक्स माझ्याकडे होती. काढून पाहिली. मूळ पानं, समासासकट. सहा तारखेला: 'काटा थरथरतो. उघडून तपासला. ठीक.' नऊ तारखेला: 'बेसिन आवळले.' सतरा तारखेला: 'बेसिन पुन्हा आवळले.' आणि शेजारी वजनाच्या आकड्यांची सरळ रांग. अठरा दिवसांत दोनशे ग्रॅमसुद्धा इकडचे तिकडे नाहीत.

एकोणीस तारखेला सकाळी हिला उठून बसता येईना. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना मी वही दाखवली. म्हटलं, "साहेब, वजन अजिबात वाढलेलं नाही." त्यांनी वहीकडे पाहिलं, मग पांघरूण वर करून हिच्या पायांकडे पाहिलं, आणि वही मला परत दिली. चौथ्या दिवशी ती गेली.

सोमवारी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते. पुस्तिकेचं मी तिला आधीच सांगून बसलो होतो.

"बाबा, सही केलीत का त्या कागदावर?"

"नाही अजून."

"करा की. विसराल. मी इथे सगळ्यांना सांगितलंय, आईची वही पुस्तकात येणार. सासूबाईंना पण. त्या म्हणाल्या, दहा प्रती माग."

"फुकट वाटायचं पुस्तक आहे ते. प्रती कसल्या मागते."

"तुमचा आवाज असा का येतोय?"

"जिने चढून चढून," मी म्हटलं. सोमवारी कुठले जिने, हे तिने विचारलं नाही.

मला गप्प बसता आलं असतं. कोणी विचारलं नव्हतं. वही सुंदर होती, मॅडमना हवी होती, मुलीला हवी होती. हिचं माझ्याकडे दुसरं असं काही राहिलेलंही नाही. कपडे मुलीने वाटून टाकले. फोटोत ही कधी नीट उभी राहायची नाही. सात महिने रोज सकाळी ही जगात होती याचा शंभर ग्रॅमपर्यंतचा हिशोब, एवढंच माझ्याकडे होतं, आणि त्यातला शेवटचा भाग खोटा होता. आणि तो खोटा आहे हे काटेवाल्याला कळलं नव्हतं.

पण मावशी भिंतीला धरतात. हे डोक्यातून जात नव्हतं.

गुरुवारी काटा पिशवीत घालून निघालो. लिफ्ट दुरुस्तीला. पहिल्या मजल्यावर थांबलो, दुसऱ्यावर थांबलो. वर पोचलो तेव्हा सगळे आलेले होते.

"हे काय, दुकान पुन्हा उघडलंत?" बसवाले म्हणाले.

मी काटा टेबलाजवळ जमिनीवर ठेवला आणि शून्यावर आणला. "जरा उभे राहा."

"कपडे काढायला सांगू नका म्हणजे झालं."

ते उभे राहिले. मी वाकून वाचलं. ब्याऐंशी. "आता हात टेबलावर ठेवा. जोर देऊ नका. चक्कर आली तर ठेवाल तसा."

एकोणऐंशी.

"अरे वा," बसवाले म्हणाले. "डॉक्टर दोन वर्षं सांगतायत, तीन किलो कमी करा. इतकं सोपं होतं?"

कोणी हसलं नाही. सिस्टर उठून काट्याजवळ आल्या होत्या. मॅडम जागेवरच होत्या, हातातलं पेन खाली ठेवून.

"मावशी," मी म्हटलं, "तुम्ही भिंतीला कशा धरता?"

मावशींनी तळवा पुढे करून दाखवला. मग स्वतःच हाताकडे बघत राहिल्या. "पण मी तर पहिल्यापासून धरते."

"पहिल्यापासून तेवढंच धरत असाल तर बिघडत नाही. त्रास वाढला की माणूस जास्त धरतो. इकडे अंगातलं पाणी वाढतं, तिकडे हात जड होतो. आकडा तिथल्या तिथे."

"त्या अकरा वह्या," मॅडम हळूच म्हणाल्या.

"बारा," मी म्हटलं.

पिशवीतून झेरॉक्स काढून मी त्यांच्या पुढे ठेवली. समासातल्या तीन ओळींवर बोट ठेवून सांगितलं. काटा, बेसिन, पुन्हा बेसिन. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला वाटलं होतं मला जमणार नाही, पण दुसऱ्याच्या दुकानातल्या काट्याबद्दल सांगावं तसं सांगून झालं.

सिस्टर म्हणाल्या, "अकरा तारखेला मीच फोन केला होता तुम्हाला. तुम्ही म्हणालात वजन वाढलेलं नाही, मी म्हटलं छान, मग काळजी नाही."

"तुम्ही आकडा विचारलात, मी आकडा सांगितला."

"पाय विचारायला हवे होते."

"मी बघायला हवे होते," मी म्हटलं.

छपाईची पानं बाजूला सारून मॅडम म्हणाल्या, "काका, मग ही पानं आपण नको घ्यायला. दुसरी वही बघते मी. तुम्हाला त्रास नको."

"दुसरी कशाला? हीच छापा. पण समासासकट. काढलेल्या ओळी परत घाला."

"लोक वाचतील आणि त्यांना कळेल की..."

"कळू दे."

"वर काय लिहायचं? 'वही अशी ठेवा' तर आता नाही लिहिता येणार."

"लिहा की," मावशी म्हणाल्या. "वही चांगलीच आहे. सगळं लिहिलंय माणसाने. वाचलं कोणी नाही."

मॅडमनी वरची ओळ तशीच ठेवली. मग त्यांनी विचारलं, "आणि खाली?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाक्यं जुळवता येत नाहीत. मी म्हटलं, "खाली लिहा, आकडा वाचायच्या आधी हात बघा, मग पाय बघा."

मॅडमनी ते तसंच उतरवून घेतलं. फोनवर विचारायच्या प्रश्नांतही दोन प्रश्न वाढवायचे ठरले. चक्कर येणाऱ्यांना खुर्चीवर बसवून वजन करता येईल का, असं बसवाल्यांनी विचारलं, आणि त्यावर अर्धा तास चर्चा झाली. खुर्चीचं वजन वजा करायचं म्हटलं की घरोघरी गोंधळ होणार. मी संमतीच्या कागदावर सही केली. निघताना मावशींनी विचारलं, "तुमचा काटा मला आठ दिवस वापरायला द्याल? माझा असाच स्वस्तातला आहे." मी पिशवी त्यांच्याकडे दिली. जिना उतरताना हात मोकळे होते.

संध्याकाळी मुलीला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं फोन कट झाला.

"आहेस का?"

"आहे. बाबा, आईला कळत होतं का? म्हणजे पडायच्या भीतीने धरायची, की आकडा वाढू नये म्हणून?"

हॉस्पिटलची हिला फार भीती होती. दोन किलोचा नियम तिला पाठ होता. रोज काट्यावर उभी राहिली की विचारायची, "अहो, काय म्हणतोय तुमचा काटा?" मी म्हणायचो, "कालचंच." ती म्हणायची, "मग झालं. चहा टाका." तिच्या आवाजात काय असायचं, ते मी आता कितीही आठवलं तरी मला सांगता येणार नाही. मी खाली वाकलेला असायचो.

"माहीत नाही," मी मुलीला म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. "जेवलात का?"

"जेवतो आता."

फोन ठेवून हात धुवायला गेलो. काटा नसल्यामुळे फरशीवर त्याच्या आकाराचा पांढरा चौकोन दिसत होता. तो पुसायला खाली बसलो. उठताना बेसिनला धरलं, सगळा भार देऊन. ते जागचं हललं नाही. सतरा तारखेनंतर मला ते पुन्हा आवळावं लागलेलं नाही.